माळ्यावरची अंबाडी

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे हॉलंडमध्ये घड्याळं तासभर मागे सरकतात आणि सोमवारपासून माझी चिडचिड सुरू होते. कामावरून सायकलने परतताना नदीवरच्या पुलावरच अंधार गाठतो. हातमोजे ओले, चष्म्यावर थेंब, आणि उजेड कुणीतरी माझ्याच हातातून हिसकावून नेलाय अशा तावात मी पायडल मारत राहते. प्रसाद, माझा नवरा, म्हणतो, "इतकी वर्षं झाली नायमेखनला, अजून तुला सवय कशी होत नाही?" होत नाही. पावसाची झाली, दुपारच्या थंडगार सँडविचची झाली, तोंडावर खरं बोलणाऱ्या माणसांचीही झाली. या अंधाराची होत नाही.

परवा येताना एका घराच्या सगळ्यात वरच्या खिडकीत जांभळट प्रकाश दिसला. रोपांसाठी लावतात तो दिवा. कुणी मिरच्या लावल्या असतील, कुणी ऑर्किड. पण मी सायकल थांबवून उगाचच त्या खिडकीकडे बघत राहिले, आणि एक जुना, ओळखीचा वैताग परत आला. एका हिवाळ्यात मी असाच दिवा लावून शेजारणीच्या माळ्यावर गांजाची पाच रोपं वाढवत होते. वाढवत होते म्हणणं जरा धाडसाचंच आहे. मारत होते.

मी कृषी पदवीधर. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं तासगावकडे द्राक्षबागांना सल्ला द्यायचं काम केलं. बागायतदार पान घेऊन यायचे. कुणी रुमालात गुंडाळून, कुणी शर्टाच्या खिशात, कुणी गाडीच्या काचेपाशी वाळवून कुरकुरीत केलेलं. मी ते उजेडाकडे धरायची, उलटं करायची, शिरांवरून नख फिरवायची आणि सांगायची, पोटॅश कमी पडलंय, किंवा भुरीची सुरुवात आहे, उद्याच्या उद्या फवारा. बहुतेक वेळा माझं बरोबर निघायचं. माणसाला आपल्याबद्दल जे काही चांगलं वाटत असतं त्यातलं बरंचसं मला त्या पानांनी दिलं होतं.

मग प्रसादला इथल्या चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि मी त्याच्या पर्मिटला जोडलेली बायको म्हणून आले. जगाला भाज्या आणि फुलं पुरवणारा देश, मला काय कमी पडणार, असं वाटलं होतं. अर्जांमागून अर्ज केले. नकार फार सभ्य शब्दांत यायचे आणि सगळ्यांचा शेवट एकच असायचा, डच भाषा. मी भाषेच्या वर्गाला जायला लागले, घरी पोहे करायला लागले, आणि खिडकीतल्या तुळशीला दिवसातून चारदा बघायला लागले.

आमची घरं रांगेतली, भिंतीला भिंत लागून. पलीकडे विल राहायची. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवलेली, खांदे अजून तसेच रुंद. पण मज्जासंस्थेच्या आजाराने तिचे पाय हळूहळू तिचे राहिले नव्हते. नुसते दुबळे झाले असते तर तिने ते चालवून घेतलं असतं. ते आखडायचे, झटके द्यायचे, आणि झोपेच्या वेळी सगळ्यात जास्त. नवरा वारलेला, मुलगी युट्रेख्टला. पलंग खालच्या पुढच्या खोलीत आणलेला. मी सुरुवातीला तिला अहो-जाहो करायला गेले, तर म्हणाली, "मी काय महापौर आहे का? विल म्हण." आठवड्यातून दोनदा तिच्या स्वयंपाकघरात बसून ती माझं डच सुधारायची. माझं वाक्य संपायच्या आत चूक सांगायची, कारण पाण्यात मूल बुडत असताना वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत नाहीत, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी घड्याळं मागे गेल्यावर, धडा मध्येच थांबवून तिने विचारलं, "तू शेतीचं शिकलीस ना?"

"हो."

"मग वर जा. माझं काहीतरी मरतंय."

दोन जिने चढून मी माळ्यावर गेले. उतरतं छप्पर, जुन्या सुटकेस, ख्रिसमसचे खोके, आणि एका कोपऱ्यात दिव्याखाली पाच कुंड्या. त्यात पाच रोपं, लांबलचक, फिकट, एकमेकांच्या अंगावर रेललेली. पानं बघितली आणि मी तशीच खाली आले.

"विल, हा गांजा आहे."

"हो, मला माहिती आहे. मी विचारलं की तो मरतोय का."

तिच्या नवऱ्याच्या मित्राने, हेंकने, बी आणून दिलं होतं, दिवा टांगून दिला होता, आणि मग तो नेहमीप्रमाणे कॅराव्हॅन घेऊन हिवाळ्यापुरता स्पेनला निघून गेला होता. विलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आधी या गोळ्या करून बघू. गोळ्यांनी तिला चक्कर यायची, दिवसभर डोकं कापसासारखं व्हायचं. तिला झोप हवी होती, नुसती झोप. कुणीतरी तिला सांगितलं होतं की याने पाय शांत होतात. होतात की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं.

मी प्रसादला सांगितलं तेव्हा तो जेवायचा थांबला.

"मृणाल, आपली कायमच्या रेसिडेन्सची फाईल आत आहे."

"झाडं तिची आहेत. घर तिचं आहे."

"हात कुणाचे आहेत?"

कायद्याचं विलला विचारलं तर तिने मला एक नवा डच शब्द शिकवला, खेडोखन. कायद्यात बसत नाही, पण सरकारला माहीत असतं आणि सरकार बघत नाही. पाच झाडांपर्यंत सहसा असं चालतं. दिवे लावले की तेवढी खात्री नाही, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे याला कानाडोळा म्हणतात. तिला तो शब्द फार आवडला. प्रसादला नाही आवडला. "आपल्याकडे कानाडोळा करणारा उद्या डोळे उघडतो," तो म्हणाला, आणि ताट घेऊन उठला.

मी थांबायला हवं होतं का? आज विचार केला तरी वाटतं, नाही. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला पान दाखवलं होतं.

पहिला दोष सोपा होता. दिवा फार उंच टांगलेला, त्यामुळे रोपं उजेडाच्या शोधात लांब झाली होती. मी तो खाली घेतला, खोडांना काड्यांचा आधार दिला, माती वर चढवली. खोडं जरा जाड झाली. मी घरी येऊन गुणगुणत भांडी घासली.

मग पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. हे पान तर मी झोपेतही ओळखते. तासगावकडच्या चुनखडीच्या जमिनीत असं दिसलं की ठरलेलंच, मॅग्नेशियम नाहीतर लोह. मी मॅग्नेशियम आणलं, मोजून दिलं. पानं आणखी पिवळी झाली. लोह दिलं. आता टोकं करपली, कडा तपकिरी होऊन घारीच्या नखांसारख्या खाली वळल्या. मग कुंड्यांवर चिलटं आली. काळी, बारीक, माझ्या चहात पडणारी, विलच्या चष्म्यावर बसणारी. मी इंटरनेटवर शोधायला बसले, तर तिथे प्रत्येक फोटोखाली दहा जाणकार. एक म्हणतो खत वाढवा, दुसरा म्हणतो खत ताबडतोब बंद करा, तिसरा म्हणतो पाण्याचा आम्लपणा मोजा, चौथा नुसताच हसतो. इतकी माहिती आणि इतका अंधार मी एकत्र कधी पाहिला नव्हता.

शेवटी नाइलाजाने कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका पानाचा फोटो टाकला. अगदी जवळून घेतलेला, एकच पर्णिका दिसेल असा कापलेला. खाली लिहिलं, "घरात अंबाडी लावली आहे, शिरांमधला भाग पिवळा पडतोय, काय असेल?" अंबाडीचं पान साधारण तसंच कातरलेलं दिसतं, म्हणून हे सुचलं होतं आणि मी स्वतःवर खूश होते. मग सुहासचा मेसेज आला. सुहास आमच्या वर्गातला, आता मिरजेला बियाण्यांचं दुकान चालवतो.

"मृणाल, अंबाडीची इतकी काळजी आजवर कुणी केलेली नाही."

पाठोपाठ हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणीतरी विचारलं, प्रसादरावांची नोकरी ठीक आहे ना? मी फोटो काढून टाकला, पण तोपर्यंत बातमी माझ्या मावसबहिणीमार्फत आईपर्यंत गेली होती, सुदैवाने फक्त अंबाडीपुरती. दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "अगं, अंबाडी आली ना तिकडे? मग कण्या घालून भाजी कर, वर लसणाची फोडणी दे." मी बरं म्हटलं. त्यानंतर सगळा हिवाळा ती दर फोनला विचारायची, भाजी केलीस का?

सुहासने मात्र नंतर मला एकटीला वेगळा मेसेज पाठवला. "पीक कुठलंही असो. मुळं बघितलीस का?" मी लिहिलं की माती ओली आहे म्हणून पाणी केव्हाच तोडलंय. "मग ओली का आहे?" त्याने विचारलं.

हाच तर प्रश्न होता. मी पाणी घालणं जवळपास बंद केलं होतं, आणि कुंडी उचलली की जड. छप्पर गळतंय का म्हणून कौलांखाली हात फिरवले. माती वाईट आहे का म्हणून पिशवी उलटी करून बघितली. हीटरमुळे वाफ जमते का, भिंतीतून ओल येते का, काय काय तपासलं. एक रोप कोलमडून गेलं. उपटलं तर मुळं तपकिरी, बोटाला चिकटणारी, सडक्या कोबीचा वास. मुळकुज. पावसाळ्यात तुंबलेल्या शेतातला रोग, तोही मी पाणी घालत नसलेल्या कुंडीत. त्या दिवशी मी विलशी धड बोललेही नाही. सासूवरचा काढावा तसा राग मी तिच्या भांड्यांवर काढला.

एका दुपारी भाषेचा वर्ग लवकर सुटला. विलच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. आत गेले, हाक मारली, उत्तर नाही. तिचा चालायचा चाकांचा वॉकर जिन्याच्या पायथ्याशी उभा. पहिला जिना चढून मी वर बघितलं. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर, माझ्याकडे तोंड करून, विल पायरीवर बसलेली होती. मांडीत पाण्याने भरलेली झारी. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकून ती स्वतःला एक पायरी वर उचलायची, मग झारी वर घ्यायची, मग पाय एकेक करून ओढायची. पँट गुडघ्यापाशी भिजली होती.

"विल! काय करतेस तू?"

"पाणी घालतेय. तू घालत नाहीस. मी खालून बघते ना, तू वर जातेस आणि झारी भरलेलीच परत आणतेस."

"कारण माती ओली आहे!"

"ओली आहे कारण मी घालते."

मी तिच्या मांडीवरची झारी काढून घेतली.

"मग थोडं तरी घालायचं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"मला इथे यायला अख्खी दुपार लागते. आल्यावर अर्धी झारी घालून परत जाऊ?"

मग मी ओरडले. पडली असतीस तर, मान मोडली असती तर, तुझ्या मुलीला मी काय सांगितलं असतं, इतके दिवस मी वेड्यासारखी छप्पर तपासतेय, मॅग्नेशियम काय, लोह काय, रोप मेलं माझ्या हातात, आणि तू इथे झारी घेऊन! सगळं शुद्ध मराठीत. विलने शांतपणे ऐकून घेतलं. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "आता हेच डचमध्ये."

मला एकही शब्द आठवेना. मी खालच्या पायरीवर बसले आणि रडले. त्यात तिची काळजी किती होती आणि माझा अपमान किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

उतरताना मी तिच्या पुढे राहून तिला एकेक पायरी खाली घेतलं. अर्ध्यावर तिच्या उजव्या पायाला झटके सुरू झाले. मी ते आधी कधी पाहिले नव्हते. टाच लाकडावर आपटत होती, ठक ठक ठक, कुणीतरी दार वाजवावं तशी, आणि विल चेहरा वळवून कठड्याला धरून बसली होती. "थांबेल," ती म्हणाली. बराच वेळ थांबलं नाही. मी तिचा पाय दोन्ही हातांनी दाबून धरला, तरी तो माझ्या हातांना जुमानत नव्हता. तोवर माझ्यासाठी वरची रोपं म्हणजे माझी परीक्षा होती. त्या जिन्यावर पहिल्यांदा मला कळलं की ती कशासाठी लावलीत.

आता मी शहराबाहेरच्या एका मोठ्या काचघरात काम करते. सिमला मिरची, नजर पोचेल तिथपर्यंत. तिथे प्रत्येक ओळीखाली काटा असतो. किती पाणी गेलं, किती निथळून बाहेर आलं, हे यंत्र मोजतं आणि मी बघते. कधी कधी त्या आकड्यांसमोर उभी असताना मला माझ्या पानं वाचण्याच्या जुन्या पोथीची गंमत वाटते. माझं ज्ञान खोटं नव्हतं, पण ते तासगावचं होतं. तिथे आजारी पान दिसलं की मी विचारायची, याला काय मिळालं नाही? पाणी कमी, अन्न कमी, ऊन तेवढं जास्त. इथे या बंद, उन्हाविना राहणाऱ्या घरांत तोच प्रश्न मला दर वेळी चुकीच्या वाटेला नेत होता. रोप बुडत होतं आणि मी त्याला जेवायला वाढत होते. आणि हे मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. माझा स्वतःच्या डोळ्यांवर केवढा विश्वास!

त्या जिन्यानंतर आमचा करार झाला. विल चढणार नाही, मी दर रविवारी एक कुंडी खाली आणून तिला दाखवीन. मी उरलेली रोपं निथळणाऱ्या मातीत हलवली. एक त्यात गेलं. तीन उरली. ती मात्र रुसवा सोडून वाढायला लागली. हीटरच्या कोरड्या हवेने मधेच लाल कोळी ही पानं शोषणारी कीड आली, पण ती माझी जुनी वैरीण. साबणाच्या पाण्याने पानांची खालची बाजू पुसून काढली, एकेक पान, आठवडाभर. विल स्वयंपाकघरात कुंडी मांडीवर घेऊन स्वतःही पुसायची.

मग कळलं की याला फुलायला अंधार लागतो. अर्धा दिवस उजेड आणि अर्धा दिवस गुडुप काळोख, त्यात जराही खंड नको. मी हसले. डिसेंबरमधल्या हॉलंडमध्ये आणखी काय मिळतं? पण तेही मिळेना. छताच्या खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा पट्टा थेट कुंड्यांवर पडायचा. काळ्या पिशव्या लावल्या, त्या सुटून पडायच्या. झाडं ना धड वाढत होती ना फुलत होती. बाहेर सगळ्या देशावर काळोख पसरलेला, आणि मला माळ्याच्या एका कोपऱ्यात पुरेसा काळोख करता येत नव्हता. चिडून मी एकदा त्या खिडकीला मराठीत शिव्याही घातल्या.

पिशव्या रोज नव्याने चिकटवत राहिले तेव्हा शेवटी फुलं आली, आणि एकावर घोसासारखे बारीक गोळे दिसले.

"हा नर आहे," मी विलला सांगितलं. "काढावा लागेल. नाहीतर बाकीच्यांत बी धरेल आणि सगळं वाया जाईल."

"मी आयुष्यभर एका नराबरोबर राहिले," ती म्हणाली, "त्याने काय वाया घालवलं?" आणि मग, कुंडी माझ्या हातात देताना, त्या झाडाला उद्देशून, "माफ कर रे."

दोन उरली. आणि ती दोन असा वास सोडायला लागली की भिंतीतून तो आमच्या घरात यायला लागला. संक्रांतीला मी हळदीकुंकू ठेवलं होतं. युट्रेख्टहून, रॉटरडॅमहून बायका आल्या होत्या, तिळगूळ, काळ्या साड्या, कुणाची सासू नाशिकहून आलेली. मी सकाळपासून उदबत्त्यांवर उदबत्त्या लावत होते. एकीने नाक मुरडलं. "तुमचे शेजारी ओढतात वाटतं गं?" प्रसाद चटकन म्हणाला, "नाही, ड्रेनेजचं काम चाललंय." तेवढ्यात ती नाशिकची सासूबाई, तिळाचा लाडू हातात धरून, डोळे मिटून म्हणाली, "छे हो, ड्रेनेज कुठलं! आमच्याकडे साधू उतरले की गोदाकाठी अगदी असाच दरवळ असायचा. किती प्रसन्न वाटतंय तुमच्या घरात."

सगळ्या गेल्यावर आमचं भांडण झालं. लग्नानंतरचं सगळ्यात मोठं. प्रसाद म्हणाला, "तुला तिचे पाय दिसतात, माझी भीती दिसत नाही." मी म्हटलं, "तुला तुझी फाईल दिसते, मी दिवसभर काय करते ते दिसत नाही." दोन्ही खरं होतं, म्हणून ते मिटेना. त्यानंतर काही दिवस आम्ही फक्त दूध संपलं, कचरा ठेवला, इतकंच बोललो.

आणि मग एका शनिवारी तो काळी टेप घेऊन विलच्या दारात उभा राहिला. मला म्हणाला, "ती खिडकी मी रस्त्यावरून बघितली. असं टेप लावतात का कुणी?" तो वर गेला. पुठ्ठा कापला, टेपचे थर दिले, एक पंखा टांगून त्याला वास शोषणारा कोळशाचा फिल्टर बसवला. खाली आला तेव्हा त्याच्या केसांत जळमटं होती. विलने त्याला कॉफी दिली, त्याने ती उभ्यानेच घेतली. मी त्याला धन्यवाद दिले नाहीत. आमच्यात ते चालतही नाही.

फेब्रुवारीत मोठ्या झाडाच्या कळीत मला करडं काहीतरी दिसलं. बोटाने उकललं तर आतून सगळं कापसासारखं. करडी बुरशी. द्राक्षात हिच्यासाठी माझ्याकडे फवाऱ्यांची यादी तोंडपाठ होती. इथे काय फवारणार? हे विलच्या पोटात जाणार होतं. मी ते अख्खं झाड कापून पिशवीत भरलं आणि खाली येऊन सांगितलं, फेकावं लागेल.

"खराब तेवढं काढ. बाकीचं ठेव."

"विल, बुरशी आत असते. डोळ्याला दिसते तेव्हा ती सगळीकडे गेलेली असते."

"तू माझी डॉक्टर नाहीस."

"नाही, पण बुरशी माझ्याइतकी इथे कुणाला कळत नाही."

"मी तुला मदत मागितली होती, मालकीण हो म्हटलं नव्हतं." तिने पिशवीकडे बोट दाखवलं. "झाड माझं आहे. पाय माझे आहेत. त्यात काय जायचं ते मी ठरवीन."

"मग मला कशाला बोलावलंस?" मी म्हटलं, आणि पिशवी घेऊन निघाले. तासगावातही माझा सल्ला कुणी सरळ ऐकायचं नाही, पण ते निदान चहा तरी पाजायचे. मी ते सगळं फेकून दिलं. राहिलेलं शेवटचं झाड बुरशी लागायच्या आत, थोडं कच्चंच, कापलं आणि वाळायला टांगलं. एका लहान बरणीत मावेल इतकं निघालं. सगळ्या हिवाळ्याचं पीक. मी ती बरणी तिच्या टेबलावर ठेवली. ती वर्तमानपत्रातून वर बघायला तयार नव्हती. धडेही थांबले.

पुढे सगळं बरं झालं म्हणायला हरकत नाही. आमची फाईल मंजूर झाली. मला काचघरात काम मिळालं, आणि मुलाखतीत त्या मुळकुजीची गोष्ट मी टोमॅटोचं नाव सांगून सांगितली. विलच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर तिला औषधाच्या दुकानातलं तेल लिहून दिलं, ते तिला थोडंफार मानवतं. ती आता युट्रेख्टला मुलीजवळ राहते आणि फोनवर अजून माझी क्रियापदं दुरुस्त करते. पण त्या हिवाळ्याची आठवण म्हणून मला यातलं काही दिसत नाही. दिसते ती बरणी दिल्यानंतरची एक सकाळ.

विलच्या पुढच्या खोलीचा पडदा रोज उजाडायच्या आत सरकलेला असायचा, कारण ती तोवर कधीची जागी असायची. त्या सकाळी प्रसाद सायकल काढून गेला तरी पडदा बंद होता. मी चहा घेतला, पडदा बंद. कपडे वाळत घातले, पडदा बंद. मग मला दिसायला लागली ती करडी बुरशी, न दिसणारी, त्या बरणीत शिल्लक राहिलेली. मला दिसायला लागलं की तिने रागाने जास्त घेतलं असेल. तिची मुलगी दारात उभी राहून मला विचारतेय की आईला काय दिलंत. मी चपलेतच धावले. किल्ली आधी उलटी घातली, मग सरळ.

खोलीत अंधार. विल कुशीवर, तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबणारा. मी तिचा खांदा धरून गदागदा हलवला.

"विल! विल!"

तिने एक डोळा उघडला. कितीतरी वेळ ती माझ्याकडे बघत राहिली, मी कोण ते आठवत असल्यासारखी. मग घड्याळाकडे बघितलं. मग तिचा चेहरा इतका लाल झाला की मी मागे सरकले.

"मी झोपले होते!" ती ओरडली. "किती वर्षांनी, मूर्ख मुली, किती वर्षांनी मी झोपले होते! आणि तू मला उठवलंस!"

मला हसू आलं का रडू, कोण जाणे. मी बोलायला तोंड उघडलं.

"बोलू नकोस," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळून पांघरूण कानांवर ओढून घेतलं. "जा तुझ्या घरी."